ओट्यावरचा कारखाना

दसऱ्याला समोरच्या सुनंदावहिनींनी ओट्यावरच्या यंत्राला झेंडूचा हार घातला. मी दारातून पाहिलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं नाही. त्या यंत्रात प्लास्टिकची तार घातली की ते थरावर थर चढवत मिक्सरचं बटण, कपाटाची मूठ, हवं ते घडवतं.

वहिनी सातवी शिकल्यात. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, सुट्या भागांच्या कंपनीत नोकरीला. एक बटण कारखान्यातून गोदामात, गोदामातून दुकानात जातं आणि वाटेत जागोजागी माझ्यासारख्याचं टेबल असतं. इथे तर सगळं एका ओट्यावर आलं, पोळपाटाशेजारी. असे ओटे घरोघरी झाले, तर आमच्या टेबलांवर कोण कशाला येईल?

माझे वडील लेथवर काम करायचे. दसऱ्याला लेथला हार घालायचे आणि मला म्हणायचे, "तू शीक. तुझ्या हाताला ग्रीस लागायला नको." नाही लागलं. मी पूजेत मांडतो ते पदवीचं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममधलं.

"भावोजी, बघत काय उभे? या, सोनं घ्या!" वहिनींनी आपट्याच्या पानांबरोबर एक बटण हातावर ठेवलं. "तुमच्या मिक्सरचं. तुमच्याच कंपनीतून येईना, असं तुमची बायको म्हणत होती."

घरी येऊन बसवलं. पहिल्या झटक्यात बसलं. वडील लेथवरून काढलेल्या नगावर अंगठा फिरवायचे, तसा मी त्या बटणाच्या कडेवरून फिरवत राहिलो, कुठे तरी खडबडीत लागेल म्हणून.