काचेतल्या चार ज्योती

सोमवारी पहिले दरपत्रक आले, बुधवारी दुसरे, शुक्रवारी तिसरे. आणि रविवारी आमच्या सोसायटीच्या सचिवांनी व खजिनदारांनी, केवळ तळचा आकडा पाहून, रस्त्याकडच्या दुहेरी काचेच्या खिडक्यांसाठी सर्वांत स्वस्त दर मंजूर केला. "काका, काच ती काच," सचिव म्हणाले. शस्त्रक्रियेपासून माझ्या पत्नीला ट्रकांच्या आवाजात दुपारी डोळा लागत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मी तिन्ही दरपत्रकांतल्या काचांचे नमुने मागवले आणि देवघरातली काडी पेटवून एकेकापुढे धरली. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबे पडतात, एकेरीत दोनच. दोन नमुन्यांत चार ज्योती समईच्या वातींसारख्या संथ उभ्या राहिल्या. स्वस्तातल्या नमुन्यात दोनच होत्या.

"देवाची काडी वकिलीला लावलीत," पत्नी हसली.

दर शेजारीशेजारी मांडण्याआधी वस्तू शेजारीशेजारी मांडाव्या लागतात. आयुष्यभराच्या वकिलीत मी असेच पाहत आलो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता सचिवांनी सर्वसाधारण सभेत, माझ्या पत्नीसमोर उभे राहून उत्तर द्यावे: दर कमी आहे तो काय कमी असल्यामुळे, हे आपण विचारले होते काय?