फौजीची सुमन म्हणून लिव्हा

लिलावाला अर्धा तास उरला होता. सांगलीहून आलेले सराफ खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. मी फाईली शेवटच्या वेळी चाळत होते आणि सातव्या फाईलीवर हात थांबला. नोटिशीच्या पोचपावतीवर गोल, सुरेख अक्षरात सही होती: 'सुमन आनंदा पाटील.' कर्जाच्या अर्जावर मात्र अंगठा होता.



मी शिराळ्यातल्या एका बँकेत सोनेतारण ऑफिसर आहे. सोनेतारण म्हणजे दागिना गहाण ठेवून काढलेलं कर्ज. ते मुदतीत फिटलं नाही तर बँक दागिना विकू शकते. पण आधी कर्जदाराला नोटीस द्यायची, सोडवून न्यायला पुरेसा वेळ द्यायचा, आणि विकून जास्त आले तर वरचे पैसेही त्याचेच. विकला जाईपर्यंत दागिन्याचा मालक तोच असतो. नोटीसच पोचली नसेल तर ती विक्री कायद्यात बसत नाही. आणि लिलावातले दागिने सराफ बहुधा आटवतात. मग कोर्टाने काहीही म्हणो, आटवलेली बोरमाळ परत येत नाही.

सातव्या पाकिटात बोरमाळच होती.

मी फाईल घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, अर्जावर अंगठा आहे आणि पोचपावतीवर सही."

"घरातल्या कुणीतरी केली असेल."

"घरातलं माणूस स्वतःचं नाव लिहील ना? हिचं कसं लिहील?"

"मॅडम, पेपरात जाहिरात आलीय. पार्टी बाहेर बसलीय. आता घोळ नको."

"कर्जदाराच्या फोनवर लावून बघते."

"बघा. पण लिलाव दहालाच सुरू होणार."

अर्जावरचा नंबर तिच्या मुलाचा होता. नंबरापुढे लिहिलं होतं: मुलगा फौजेत, पोस्टिंग लांब. फोन लागेना. शेवटी त्यांच्या गावच्या दूध डेअरीच्या सेक्रेटरींना फोन केला. त्यांचं खातं आमच्याकडेच आहे.

"सुमन आनंदा पाटील माहीत आहेत का?"

"कंची सुमन?" ते म्हणाले. "मळ्यातली, टाकीजवळची का फौजीची? तिघींच्या बी नवऱ्याचं नाव आनंदा. आमी डेअरीत नंबर टाकतो म्हणून भागतंय, न्हाईतर एकीचं दूध दुसरीच्या खात्यावर."

फौजीची. तो शब्द ऐकला आणि मला सगळं आठवलं. नातीच्या नर्सिंगच्या अॅडमिशनसाठी ती बोरमाळ घेऊन आली होती. अर्ज मीच भरला होता. ती म्हणाली होती, "म्याडम, नुसतं सुमन पाटील नगा लिवू. फौजीची सुमन म्हणून लिव्हा." मी हसले होते. "मावशी, इथं कायदेशीर नाव लागतं," असं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

मी पोचपावतीवरच्या सहीचं सांगितलं. "टाकीजवळचीला सही येती," सेक्रेटरी म्हणाले. "शेजारीच ऱ्हाती, फोन देतो तिला."

फोनवर एक घाबरलेला आवाज आला. "आवं म्याडम, नवीन पोस्टमननं कागद दिला, म्या सही केली. वाचल्यावर घामच फुटला. म्या कवा सोनं ठिवलं? वाटलं, मालकांनीच गपचिप ठिवलं आसंल. डबा उघडून बघितला तर समदं जिथल्या तिथं. मग कशाला इचारून घरात भांडान लावू? कागद ट्रंकंत घातला."

बाहेर पहिल्या पाकिटाची बोली सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, "फौजीचीला गाडीवर घिऊन येतो. पर अर्धा-पाऊण तास लागंल."

एवढा वेळ नव्हता. सराफ सराईत असतात, एकेक पाकीट पाच मिनिटांत उडतं. मी साहेबांच्या कानाशी गेले.

"सात नंबर मागे घ्या. नोटीस भलत्याच बाईला गेलीय."

"लेखी देता? तुमच्या जबाबदारीवर?"

"देते."

चौथ्या पाकिटाची बोली चालली होती. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'कर्जदारास नोटीस मिळालेली नाही. चूक अर्ज भरणाऱ्याची.' खाली माझी सही. अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच ओळखू येईना. नोकरी जाते की काय, अशी भीती वाटत होती. पण साहेबांनी कात्रीने सहावं पाकीट फोडलं, तेव्हा ती भीती फिकी वाटली. साहेबांनी सातवं पाकीट उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

सुमनमावशी आल्या तेव्हा हॉल रिकामा झाला होता. पदराने तोंड पुसत त्यांनी एकच विचारलं, "गेली का?"

"नाही. इथंच आहे."

त्या बाकावर बसून सांगू लागल्या. मुलगा सुट्टीवर आला की दरवर्षी व्याज भरायचा. यंदा सुट्टीच रद्द झाली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्या म्हनलं हुतं न्हवं म्याडम?" त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवी नोटीस मी स्वतः गावात जाऊन दिली, अंगठा माझ्यासमोर घेतला. मुदतीच्या आत मुलगा आला आणि बोरमाळ घरी गेली. मला लेखी समज मिळाली. ती फाईलीत आहे, आणि योग्यच आहे.

आता अर्जावर नावाखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिते: गावात काय म्हणतात? नोटिशीच्या पत्त्यावरही तेच नाव कंसात घालते. हेड ऑफिसच्या ऑडिटरनी विचारलं, "हे कुठल्या नियमात आहे?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही साहेब. पण कायदा म्हणतो नोटीस पोचली पाहिजे. आणि पोचवतो पोस्टमन."