पुस्तकात नसलेला माणूस

आमच्या नागुरे बेटावर वस्तू हरवत नाही. म्हणजे हरवते, पण जाणार कुठे? बोट दिवसातून दोनदा, आणि बोटीत कोण काय घेऊन चढलं हे धक्क्यावरच्या चार बायकांना कप्तानाच्या आधी ठाऊक असतं. त्यामुळे चार वर्षांपूर्वी तोक्योहून मिनोरी नावाची एक किडकिडीत मुलगी बोटीतून उतरली आणि "मी स्वतःला शोधायला आलेय" म्हणाली, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पोस्टातल्या शिगेबाईंनी फक्त विचारलं, "शेवटचं कुठे बघितलं होतंस?"

मिनोरी मांगा काढायची, म्हणजे चित्रांतून सांगायच्या गोष्टी. तोक्योतल्या मासिकाने तिची गोष्ट मध्येच बंद केली होती आणि तेव्हापासून तिचा हात चालत नव्हता. मग ती आमच्याकडे जुन्या हेडमास्तरांच्या रिकाम्या घरात दीड वर्ष राहिली. मासे साफ करायला शिकली, ते करताना दोनदा बोट कापून घेतलं, शिगेबाईंच्या अळूच्या वाफ्यात पडली, वादळात तिच्या छपराचा पत्रा उडाला तो दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात सापडला. पुढे हात चालायला लागला आणि ती परत गेली. वर्षभराने पुस्तक आलं. त्यात बेटावर आलेली एक मुलगी होती, तिचे रोजचे साधे दिवस होते, आणि तिचं तिलाच हळूहळू काहीतरी उमगत जाणं होतं, असं म्हणतात. म्हणतात अशासाठी, की बेटावर ती गोष्ट कुणी वाचलीच नाही. आपण कुठल्या पानावर आहोत एवढंच जो तो बघत होता.

बेटावर दुकान एकच, ते माझं. चाळीस प्रती मागवल्या होत्या, दुपारपर्यंत संपल्या. शिगेबाई तावातावाने आल्या. "हे नाक माझं? हे? याच्यावर कपडे वाळत घालता येतील!" मी म्हटलं, बाई, मी नाही काढलेलं. "तुझी काय टाप आहे काढायची," म्हणाल्या आणि नातेवाइकांना पाठवायला सहा प्रती घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी कामेसान आले.

कामेसान म्हणजे कामेजिरो, ते आमच्या धक्क्यावर दोर धरतात. बोट जवळ आली की खलाशी टोकाला गोळा बांधलेली बारीक दोरी फेकतो. कामेसान ती पकडतात, ओढतात, तिच्यामागून मनगटाएवढा जाड दोर पाण्यातून निथळत वर येतो, त्याचा फास ते लोखंडी खुंटात अडकवतात आणि बोट थांबते. काम एवढंच. तरुणपणी ते ओसाकाच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं होते, वडिलांची कंबर गेली तेव्हा परत आले आणि वडिलांच्या जागी उभे राहिले. त्याला तेहेतीस वर्षं झाली. वादळाचे दिवस सोडले तर रोज दोन वेळा. तेहेतीस वर्षांत त्यांच्या हातून दोरी सुटल्याचं कुणाला आठवत नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ती पकडल्याचंही कुणाला आठवत नाही, कारण त्या वेळी सगळे बोटीतून कोण उतरतंय ते बघत असतात.

बोलणं त्यांचं बेताचंच. दोघांच्या वाटचं त्यांची बायको मित्सुए बोलते.

"मिसो आहे का?" कामेसाननी विचारलं. मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे, डबे त्यांच्या नाकासमोर होते. मी "आहे" म्हटलं. "असं," म्हणाले आणि माझ्यासाठी ठेवलेली प्रत सहज दिसली अशा थाटात उचलली. भिंग आणलं होतं खिशातून. म्हणजे किती सहज ते बघा.

अर्धा तास उभे राहिले. चौतिसाव्या पानावर त्यांचं मांजर होतं. पन्नासाव्यावर मित्सुए होती, रताळ्याच्या चकत्या वाळत घालताना, आणि पुढे आणखी दोनदा होती. धक्का होता. खुंट होता, खुंटावर कुरव पक्षी बसला होता, कुरवाच्या चेहऱ्यावर भावसुद्धा होते. बोट होती, धक्क्याला नीट लागलेली. ती कुणी लावली याबद्दल मात्र पुस्तक गप्प होतं. बेटावर माणसं दोनशे बारा. पुस्तकात त्यातली एकसष्ट, मांजरं नऊ आणि एक बकरी. कामेसान नव्हते.

"छान आहे," म्हणाले, आणि मिसो न घेताच गेले.

नंतर आठवडाभर रोज येऊन बघत होते, जणू काल नजरचुकीने राहून गेलं असेल. माझ्या प्रतीत धक्क्याच्या पानांवर वंगणाचे दहा बोटांचे ठसे उमटले ते अजून आहेत. मित्सुए दुकानात सांगायची, "घरात चौतीस म्हणू नका हं कुणी. मांजराशी बोलणं सोडलंय यांनी. ते बिचारं दाराशी बसून असतं, आपलं काय चुकलं म्हणून."

उन्हाळ्यात पुस्तक हातात धरून पाहुणे यायला लागले. पान उघडायचे, समोरचं दृश्य ताडून बघायचे, आनंदायचे. शिगेबाई तर पोस्टाच्या खिडकीत मुद्दाम डावी बाजू दाखवत बसायला लागल्या, पुस्तकात नाक त्या बाजूने आहे म्हणून. एका जोडप्याने कामेसानना विचारलं, "आजोबा, जरा बाजूला होता का? खुंटाचा फोटो घ्यायचाय."

झाले बाजूला. जोडप्याने वाकून आभार मानले, यांनीही वाकून स्वीकारले.

पुढे ऑक्टोबरात मिनोरीचा मला फोन आला. दुसरा भाग काढतेय, दहा दिवसांसाठी येतेय, घराची दारं-खिडक्या उघडून ठेवाल का? बातमी दुपारच्या बोटीआधी बेटभर झाली. त्या संध्याकाळी कामेसान दुकानात आले आणि त्यांनी नवी टोपी मागितली. निळी. शिवाय पांढरे हातमोजे.

"मोजे कशाला? ओल्या दोरीला घसरतील," मी म्हटलं.

"थंडी येतेय."

"ऑक्टोबरात?"

"लवकर येतेय यंदा."

मित्सुएने त्यांचे केस कापले. ती सांगत होती, "लग्नाच्या दिवशी इतके हलले नव्हते आरशासमोर. एका बाजूने कापलं की म्हणतात, ही बाजू समुद्राकडे येते, इथलं नीट काप." मी स्वतः एका सकाळी त्यांना उत्तरेच्या किनाऱ्यावर बघितलं. आसपास कुणी नव्हतं. हातात दोरीचा तुकडा होता, तो हवेत उडवायचे आणि एक पाय मागे टाकून, हात डोक्यावर ताठ करून झेलायचे. झेलल्यावर जरा वेळ तसेच थांबायचे. चित्र काढणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून असेल. मी पाय न वाजवता परत फिरलो.

मिनोरी आली. पूर्वी तिला ते "पोरी" म्हणायचे, आता गुरुजींना म्हणावं तसं "सेन्सेई" म्हणाले आणि तिची पिशवी उचलायला धावले. ती कानकोंडी झाली. "कामेसान, मी तीच आहे हो. अळूत पडलेली."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन धक्क्यावर येऊन बसली. योगायोगाने आम्हीही बरेच जण तिथे होतो. मला पावाची खोकी उतरवून घ्यायची होती, शिगेबाईंना टपालाची थैली. बाकीच्यांना काय काम होतं ते त्यांनाच माहीत. कामेसान निळ्या टोपीत, पांढऱ्या मोज्यांत खुंटाशेजारी ताठ उभे. मित्सुए माझ्या कानाशी म्हणाली, "श्वास घ्या म्हणावं त्यांना कुणीतरी."

बोट आली. खलाशाने दोरी फेकली. तेहेतीस वर्षं जशी येते तशीच ती आली, सरळ, अंगावर. कामेसाननी एक पाय मागे टाकला. हात डोक्यावर ताठ केला. गोळा मोज्याला लागला, दोरी घसरली, टोपी उडाली, आणि दोरी, गोळा आणि टोपी असे तिघे ओळीने समुद्रात गेले.

वारा उत्तरेचा होता, बोट बाजूला सरकायला लागली. कप्तान ताकेबेंनी खिडकीतून डोकं काढलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काळजीने विचारलं, "कामेसान, तब्येत ठीक आहे ना?"

बोट मागे घेऊन पुन्हा आणावी लागली. अकरा मिनिटं गेली. दुसऱ्या खेपेला कामेसाननी मोजे काढून फेकले होते. दोरी कधी आली आणि फास खुंटात कधी पडला ते नेहमीसारखंच कुणाला दिसलं नाही.

पण गावकचेरीची मुलगी पडली कर्तव्यदक्ष. बोटीला उशीर झाला की भोंग्यावरून कारण सांगायचं असा नियम आहे. नऊ वाजता बेटभर आवाज घुमला: "सकाळची बोट अकरा मिनिटं उशिरा लागली. कारण..." इथे ती थांबली. आम्ही सगळे हातातलं काम टाकून ऐकत होतो. "कारण, धक्क्यावरची परिस्थिती."

तेव्हापासून दोन दिवस कामेसान "परिस्थिती" झाले. "परिस्थिती जेवली का?" "परिस्थिती कशी आहे आज?" मित्सुए म्हणायची, "हळूहळू सुधारतेय."

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. जुनी टोपी, हातात रताळ्यांची पिशवी. पिशवी या हातातून त्या हातात केली. मग म्हणाले, "तिने ते काढलंय म्हणे. शिगेबाईंनी बघितलं."

"मग?"

"मग काय मग! तेहेतीस वर्षं पकडली ते कुठे नाही, आणि एकदा सुटली ते छापून येणार. माझी नातवंडं ओसाकाला वाचणार. तू चल माझ्याबरोबर. छापू नका म्हणून सांग तिला. मला नाही बोलता येत."

दुकानाला कडी लावून गेलो. मिनोरी ओसरीवर कागद पसरून बसली होती. मी आढेवेढे घेत सांगितलं. कामेसान रताळी पुढे धरून उभे.

तिने ऐकून घेतलं. आत गेली आणि एक जाडजूड पाकीट घेऊन आली. आतून अकरा कागद काढले. अकराही कागदांवर धक्का होता, बोट होती, आणि खुंटाशेजारी एक खोडलेला माणूस होता.

"हे पहिल्या भागासाठीचे," ती म्हणाली. "अकरा वेळा प्रयत्न केला, कामेसान. जमलंच नाही. दोरी हवेत असते आणि मग एकदम खुंटात असते. मधलं मला दिसायचंच नाही. उभा माणूस काढला की भिंतीला टेकून ठेवल्यासारखा वाटायचा, उडी मारणारा काढला की खोटा वाटायचा. शेवटी संपादक म्हणाले, जागा कुरवाला द्या."

"कुरवाला," कामेसान म्हणाले.

"माफ करा. परवा पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं. पण तुम्हाला नको असेल तर नाही छापणार. हे बघा, आणि तुम्हीच सांगा." असं म्हणून तिने नवा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

चित्र झकास होतं, खोटं कशाला बोलू. पाय मागे, तोंड उघडं, टोपी हवेत, डोळे कपाळात. मला हसू येत होतं, ते मी रताळ्यांकडे बघून आवरलं. कामेसाननी भिंग काढलं आणि कागदावर वाकले. भिंग चेहऱ्यावरून गेलं, हातावरून गेलं, दोरीवर येऊन थांबलं. तिथेच राहिलं. मला वाटलं, आता रडतात की काय.

"पीळ उलटा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"दोरीचा पीळ. या दोरीचा उजवीकडे चढतो, तुम्ही डावीकडे नेलाय. अशी वळलेली दोरी पहिल्यांदा भिजताच उकलेल. आणि हा गोळा. गोळा दोरीच्या पुढे जातो, पोरी, मागून येत नाही. जड कोण आहे?"

मिनोरीने खोडरबर घेतलं. कामेसान बूट काढून ओसरीवर चढले. पीळ झाला. मग जाड दोराचा फास; तिने गाठ मारलेली दाखवली होती, ते म्हणाले गाठ नसते, दोराचे पदर त्याच दोरात परत विणून घातलेले असतात. ते बोलून समजेना, म्हणून कंबरेचं सुतळीचं बंडल काढून विणून दाखवलं. मग खुंट, तो किंचित जमिनीकडे कललेला असतो, सरळ नसतो. मग बोटीचं नाक. वारा उत्तरेचा असताना नाक असं येईलच कसं? ताकेबेला वाईट वाटेल हे बघून. माझ्या ओळखीत तीस वर्षांत हा माणूस जेवढं बोलला नसेल तेवढं त्या दुपारी बोलला. मिनोरी खोडत होती, काढत होती, विचारत होती. वही संपली तेव्हा रताळ्याची कागदी पिशवी फाडून तिच्या आतल्या बाजूवर काढायला लागली. मी मध्ये दोनदा दुकान उघडून आलो.

दुपारच्या बोटीचा भोंगा ऐकू आला तसे ते उठले.

"मग हे छापू ना, कामेसान?" मिनोरीने विचारलं. "माणूस तसाच ठेवू? का चेहरा जरा..."

"माणूस कसाही काढा," पायात बूट सरकवत ते म्हणाले. "फास तेवढा विणलेला दाखवा." आणि उताराने धक्क्याकडे निघून गेले.

दुसरा भाग वसंतात आला. या वेळी साठ प्रती मागवल्या होत्या. बोटीतून खोकी मीच उतरवून घेतली आणि धक्क्यावरच एक फोडलं, कारण मागे गर्दी जमली होती. मित्सुए सगळ्यांत पुढे. पहिली प्रत कामेसानना दिली. ते खुंटावर बसले, पान शोधलं, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मान डोलावली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि बोट सोडायची वेळ झाली म्हणून फास काढायला वाकले.

"अहो!" मित्सुए ओरडली. "कसे दिसताय तुम्ही त्यात?"

"अं?" दोर हातात घेऊन कामेसाननी मागे वळून बघितलं. "ते बघायचं राहिलंच."