आधी गाऱ्हाणं, मग सुई

लढाईत मी जेवढा मेलोय तेवढा अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात कोण मेला नसेल. उतरलो की मेलो. कधी गोळीनं, कधी रणगाड्याखाली, एकदा तर आपल्याच ट्रकातून उडी मारली आणि त्याच ट्रकाच्या चाकाखाली गेलो. ड्रायवर ओरडला, "कोण होता तो?" मी मेलेला असूनही सांगितलं, "मीच रे बाबा, दुसरं कोण असणार!"

हा खेळ म्हंजे इंटरनेटवरची लढाई. पन्नास माणसं ह्या बाजूला, पन्नास त्या बाजूला, सगळी खरी, आपापल्या घरात हेडफोन लावून बसलेली. लढाई जुनी, आज्याच्या वेळची, गोऱ्या लोकांची. खंदक, चिखल, पडकं चर्च. सहा-सहा जणांची टोळी, टोळीला एक म्होरक्या. आणि त्यात मी. इंग्रजी येत नाय, मराठी वाचायला घेतलं तर दुपारची संध्याकाळ होते. तिसरीत शाळा सुटली. गुरुजी बापाला म्हणाले, "ह्याला एक तर गप बसवा, नाय तर घरी बसवा." बापाला दुसरं सोपं वाटलं.

कामाला मी बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत, लाद्या ओढायला. पावसाळ्यात मासेमारीला बंदी. होड्या वर ओढल्यावर बर्फ कोणाला पायजे? ते दोन महिने मी म्हंजे घरातलं जादा कपाट, जाता-येता बायकोच्या पायाला लागणारं. त्यातच मेव्हणा दुबईला गेला आणि त्याचा कंप्युटर आमच्याकडं ठेवून गेला. म्हणाला, "भावोजी, कापड घालून ठेवा. हात लावू नका." कापड मी घातलं. चार दिवस होतं ते.

बंदूक काय मला जमली नाय. मी नेम धरला की समोरचा सोडून आजूबाजूचे सगळे मरायचे, आणि आजूबाजूला बहुतेक आपलेच असायचे. मग आमच्या म्होरक्यानं माझी बंदूक काढून मला कंपाउंडर केला. म्होरक्या पुण्याचा. कसल्या तरी मोठ्या कंपनीत कामाला, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. म्हणाला, "काका, तुम्ही फक्त जखमींना इंजेक्शन द्या. बाकी काही करू नका."

आणि तिथंच मी अडकलो. कारण ह्या खेळात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाय. जमिनीवर पडून हाका मारतो. घड्याळ चालू असतं. कंपाउंडर आला, सुई टोचली, तर उठतो. नाय आला तर गेला. "काका! काका, इकडे!" "काका, लवकर!" देवाशपथ सांगतो, मला आयुष्यात कोणी एवढं जीव तोडून बोलावलं नव्हतं. फॅक्टरीत हाक आली की समजायचं, लादी ओढायची हाय. घरात आली की समजायचं, काय तरी चुकलंय. इथं माणसं माझी वाट बघत पडायची. म्हणून ती टोळी मला सोडायची नव्हती. काय वाट्टेल ते होऊ दे.

पण म्होरक्याला माझ्या माईकाचा त्रास. माझ्या माईकातनं आमचं अख्खं घर लढाईवर यायचं. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा कोंबडा, बायकोची "अवो, कोळंबी सोलून देताव काय?" शत्रू जिन्यावर आलेला आणि पुण्यात ऐकू येतंय कोळंबी. शेवटी एका शनिवारी तो म्हणाला, "काका, उद्या दुपारी महत्त्वाची मॅच आहे. तुमचा माईक पूर्ण बंद पाहिजे. एक शब्द आला तरी मी तुम्हाला टोळीतून काढणार. राग मानू नका."

राग मानला नाय. पण तिसरीतले गुरुजी मात्र आठवले.

रविवारी बसलो. तोंडात सुपारी भरली, म्हंजे जीभ कामात राहील. आमची टोळी एका कुंपणाकडनं सरपटत चर्चाकडं निघाली. आत शत्रू, पण कुठल्या कोपऱ्यात ते कोणाला ठाऊक नाय. सगळे चिडीचूप. मी सगळ्यात मागं. माझं ढुंगण कुंपणावरनं दिसत होतं असं नंतर कळलं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. कुठलंही काम काढायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं. देवाला मोठ्यानं सांगायचं, बाबा, आमी हे हे करतोय, सांभाळून घे. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार द्यायचा. बंदी उठली की फॅक्टरीतली पहिली लादी काढायच्या आधी गाऱ्हाणं मीच घालतो. अक्कल नाय, पण आवाज हाय. गाऱ्हाण्याशिवाय मी साधा नारळसुद्धा उतरवला नाय. एकदा उतरवायला गेलो होतो, नारळाच्या आधी मी उतरलो.

तर एवढं महत्त्वाचं काम आणि गाऱ्हाणं नाय? म्हटलं, माईक बंद हाय, हळूच आपल्यापुरतं घालू. सुपारी थुंकली.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "आज ह्या परमुलखात, परक्या मातीत तुझी लेकरं लढाईला निघाली हायत—"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातनं बायको. तिचा काय दोष? कढई घासताना कानावर पडलं, तोंडातनं आलं.

"—त्यांच्या वाटंत काय काटाकुटा असंल, काय वाकडी नजर असंल, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज बायकोचा नव्हता. हा चर्चाच्या डाव्या कोपऱ्यातनं आला, पडक्या भिंतीमागनं. शत्रूच्या बाजूनं.

माईक बंद करायला म्हणून मी जे बटण दाबून धरलं होतं, ते आसपासच्या सगळ्यांना ऐकवायचं बटण होतं. आपल्यांनाही, समोरच्यांनाही.

मग भिंतीमागनं, "आयला... सवय हो. तोंडातनं गेलं. कोण बोलतंय? खालचे काय, कोकणातले?"

"रत्नागिरी," मी म्हटलं. "तुमी?"

"लांजा. आता डोंबिवलीला असतो."

"हा हा. सुट्टी काय आज?"

"रविवार नाय काय!"

म्होरक्याचा श्वास माझ्या कानात वाजत होता. "काका, त्याची जागा कळली. बॉम्ब फेका. तो कोपरा फक्त तुमच्याकडूनच दिसतोय. फेका!"

मी म्हटलं, "आता नाय."

"म्हणजे?"

"गाऱ्हाणं अर्धवट हाय. त्यानं हुंकार दिलाय. गाऱ्हाण्यात आलेल्या माणसाला मध्येच मारत नायत."

"काका, तो शत्रू आहे!"

"गाऱ्हाणं झालं की शत्रू. तोवर हुंकार देणारा."

"मी तुम्हाला काढीन."

"काढ," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला असं उलटून बोललो आणि तेसुद्धा पोटावर पडून. "तिसरीत काढलं, त्यानंतर मला कोण काढणार? पण तोंड उघडलंय तर पुरं करणार. तू पण म्हण, तुझंही भलं होईल."

आणि पुरं केलं. सावकाश. ह्या बाजूच्या लेकरांचं मागितलं, त्या बाजूच्यांचंही मागितलं, नाय तर देव म्हणायचा, बघा, रत्नागिरीवाले कोते. दर वाक्याला लांजा हुंकार देत होता, बायको देत होती. शेवटी शेवटी आमच्याच टोळीतला एक बारीक आवाजात द्यायला लागला.

"झालं गाऱ्हाणं," मी लांज्याला सांगितलं. "आता फेकतो हां."

"फेका, फेका," तो म्हणाला.

फेकला. बॉम्ब चर्चाच्या भिंतीवर आपटला आणि सरळ परत आला. देवानं ऐकलं होतं, फक्त त्यांच्या बाजूचं आधी ऐकलं. आमची अख्खी टोळी गेली, म्होरक्या सगळ्यात पुढं होता म्हणून सगळ्यात आधी. पलीकडनं लांजा हसून हसून खोकत होता.

म्होरक्यानं मला काढलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. वाचता आली नायत, पण शाळेच्या दाखल्यासारखी दिसली.

बायको दारात हात पुसत उभी. "काढलंनी?"

"काढलंन."

"मग उठा. कोळंबी तशीच पडली हाय."

"कोळंबी असू दे," मी म्हटलं. "स्वतःची टोळी उघडतो."

ती आत वळली. मग म्हणाली, "उघडा. पण गाऱ्हाणं घालून उघडा."

घातलं. ह्या खेपेला बटण माहीत असून, दाबून धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुढच्या डावात बाजू बदलता येते. लांजा आमच्या बाजूला आला, माझ्या टोळीत शिरला. दोघंच. म्होरक्या मी आणि कंपाउंडरही मीच, म्हंजे हुकूम द्यायचा आणि मानायचा दोन्ही घरातल्या घरात.

नदीजवळ मी दोनदा मेलो. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा गवतातनं हाक आली.

"मेडिक! कोणी आहे का? मेडिक!"

रेडिओचा आवाज. पुणे. बाजू आमचीच, पण त्याची टोळी पुढं पळाली होती, कंपाउंडर त्यानं दुपारीच काढला होता. घड्याळ चालू. मी जवळ गेलो, सुई काढली आणि उभा राहिलो.

"काका... तुम्ही?"

"मीच. बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "हे पुण्याचं लेकरू परक्या गवतात पडलंय—"

आणि हुंकारासाठी थांबलो.

"वेळ जातोय हां," लांजा मागनं म्हणाला. "हुंकार द्यायला एवढं काय जड नाय."

"काका, प्लीज, आधी इंजेक्शन."

"आधी गाऱ्हाणं. माझ्या माईकात हे असंच असतं. कुकर असतो, कोंबडा असतो, कोळंबी असते. पायजे तर सगळं घे, नको तर तसाच पड."

घड्याळाचा काटा पार कडेला आला. मग हेडफोनात एकदम शुद्ध, स्वच्छ, बातम्यांसारखं आलं, "होय महाराजा."

सुई टोचली. तो उठला. मी बाकीचं गाऱ्हाणं सांगायला मान वर केली आणि गोळी बरोबर तिथंच लागली.

पडल्या पडल्या मी बटण काय सोडलं नाय, गाऱ्हाणं चालूच ठेवलं.