राजाच्या नावाचं झाड

एनोख पिंगरी माझ्या बहिणीचा, लिडियाचा नवरा. न्यू हॅम्पशायरच्या आमच्या खोऱ्यात त्याच्यासारखा सुतार नव्हता. छपरावरून पडून पाय मोडला, तेव्हा त्याने सरकारी रानखात्याची चाकरी धरली. काम सोपं होतं. जाड, सरळ पाइन दिसला की खोडावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालायचे. मग जमीन कोणाचीही असो, ते झाड समुद्रापलीकडून आमच्यावर राज्य करणाऱ्या राजाचं. त्याची जहाजासाठी डोलकाठी व्हायची आणि राजाच्या आरमारात जायची.

हेप्झिबा कोल्बी या विधवेचा गोठा बर्फाच्या भाराने बसला होता आणि तो पुन्हा उभारायला तिला लाकूड हवं होतं. तिच्या अंगणातल्या पाइनवर एनोखने खूण केली, तेव्हा मी तिथेच होतो.

"हे रान माझ्या नवऱ्याने साफ केलं. राजा आला होता का रे हात लावायला?"

"मी नाही तर दुसरा कोणी घाव घालेल, काकू."

"मग घालू दे की दुसऱ्याला! तू कशाला तोंड काळं करतोस?"

त्याने मान खाली घालून घाव घातले.

त्यानंतर त्याच्याशी कोणी भांडलं नाही. प्रार्थनेला त्याच्या बाकावर कोणी बसेना. लोहार त्याच्या घोड्याला नाल ठोकेना. "शिव्या तरी द्याव्यात रे लोकांनी," लिडिया मला म्हणाली.

वसंतात सरकारी माणसांनी गावच्या लाकूड कापायच्या गिरणीतले राजाच्या खुणेचे ओंडके जप्त केले. दुसऱ्या दिवशी उजाडताना तोंडाला काजळी फासलेली माणसं एनोखच्या दारात आली. त्याला बाहेर ओढून छड्यांनी फोडून काढलं. घोड्याचे कान कापले. आवाज सगळे त्याच्या ओळखीचे होते.

नवरा-बायको पोर्ट्समथ बंदराला निघून गेली. इकडे कोल्बीकाकूचा पाइन भर दिवसा पाडला. सगळं गाव बैल घेऊन आलं होतं, पण हसत कोणीच नव्हतं.

शरदात मी बंदरावर गेलो, तेव्हा एनोख जहाजांच्या कारखान्यात लाकूड तासत होता.

"दाजी, नावं सांगितलीत का कोणाची?"

"नाही. पण मला मारून भागलं असं गावाने समजू नये. ते बघ, राजाचं आणखी एक लढाऊ जहाज आलंय. गावात सांग."

परतल्यावर मी गिरणीत सांगितलं. गिरणीवाल्याने पाण्याचं दार उचललं, चाक फिरलं, करवत सुरू झाली. त्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "येऊ देत."