करकोच्याशी बोलायचं नाही

शिंपीणकाकूंचं शिवणाचं मशीन थांबेल, पण तोंड थांबणार नाही, असं वस्तीत म्हणत. तळ्याकाठी वस्तीनं स्वतःचं अभयारण्य काढलं आणि काकूंनी पिल्लं भरवायचं काम मागितलं, तेव्हा सगळे हसले होते.

करकोचे मोजकेच उरलेले. पिल्लांना भरवताना डोक्यापासून पायांपर्यंत राखाडी झगा घालायचा, हातात लाकडी चोच धरायची आणि चकार शब्द काढायचा नाही. माणसाला सरावलेलं पिल्लू रानात टिकत नाही. ते जन्मभरासाठी पिंजऱ्यात जातं. झगे काकूंनीच शिवले होते.

यंदा एकाच अंड्यातून पिल्लू निघालं. ते खाईना. मान टाकलेली पाहून काकूंच्या तोंडून निघून गेलं, "खा गं माझे बाई!" त्यानं चोच उघडली. मग रोज दोन शब्द होत गेले. कुणाला पत्ता लागला नाही.

सोडण्याआधी परीक्षा असे. अनोळखी माणसानं कुंपणापाशी बोलायचं, पिल्लानं पळायचं. त्या दिवशी काकूंची धाकटी बहीण अभयारण्य बघायला आलेली. झग्यातल्या काकूंना पाहून ती म्हणाली, "ताई, तुझ्यापेक्षा बुजगावणं देखणं!"

"बरं झालं आलात. तुम्हीच बोला त्याच्याशी," राखणदारांचे म्होरके तात्या म्हणाले.

दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की फोनवर काकूंचा नवरासुद्धा फसायचा. पिल्लासमोर बोलता येईना. त्यांनी जोरजोरानं मान हलवली, हात नाचवले.

"बघा, मौनव्रतात कथकली चाललंय," बहीण हसली आणि कुंपणाकडे वळली. "काय गं बाई, जेवलीस का?"

पिल्लू पंख पसरून धावत आलं. तिच्या बाहीला चोच लावून उभं राहिलं.

तात्या मटकन खाली बसले. "कोणीतरी बोललंय याच्याशी. संपलं सगळं."

काकूंनी पत्र्याचा डबा उचलला आणि काठीनं बडवत कुंपणाच्या आत पिल्लावर धावून गेल्या. ते भेदरलं, कुंपणाला धडकलं, सैरावैरा पळू लागलं. पळू दे. घाबरू दे एकदाचं माणसाला!

"पळ! पळ ना गं, मेले!" काकू ओरडल्या.

आवाज ऐकताच पिल्लू वळलं. तीरासारखं येऊन काकूंच्या झग्याखाली शिरलं.

काकू डबा बडवत राहिल्या. जितका आवाज वाढे, तितकं ते थरथरत त्यांच्या पायांना अधिकच बिलगे.