लालीने अभ्यास सोडला नव्हता

महामाया गवई खामगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. शेगाव, मेहकर, चिखली, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मेहकरच्या गाडीच्या मागच्या चाकाशी त्यांना कुत्र्याचं पिल्लू दिसलं. ड्रायव्हर गाडी सुरू करायच्या बेतात होता. बाई खिडकीतून ओरडल्या, धावत गेल्या आणि ऑइलने माखलेलं ते पिल्लू स्वतःच्या पदरात घेऊन परत आल्या. अंगावरचा लालसर रंग धुतल्यावर दिसला, म्हणून तिचं नाव लाली.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. घरात या दोघीच. स्टँडवरचं उष्टंमाष्टं खाऊन जगलेलं पिल्लू ते, त्याचं पोट कायम नाजूक. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दिली की पचायची, दुसरं काही दिलं की ओकायची. शेजारची रेवती थट्टा करायची, ‘‘काकू, तुमची लाली तं सासुरवाशिणीपेक्षा नाजूक हाय.’’

मग गावात एका संशोधन संस्थेचं शिबिर लागलं. संस्था मोठ्या शहरातली होती आणि कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या एका कंपनीची तिला मदत होती. शिबिरात अर्पिता नावाची तरुण पशुवैद्य लोकांना समजावून सांगत होती. माणसाच्या आतड्यात असतात तसे कुत्र्यामांजरांच्या आतड्यातही असंख्य सूक्ष्मजीव असतात. त्यांचा समतोल बिघडला की पचन बिघडतं, कातडी बिघडते. चांगले जिवाणू घातलेलं कोरडं खाणं काही कुत्र्यांना द्यायचं, काहींना साधं द्यायचं, आणि विष्ठेचे नमुने तपासून फरक बघायचा.

महामायाबाईंना हे मनापासून पटलं. विहारात दर रविवारी बायकांना गंडेदोरे सोडून लेकरांना दवाखान्यात न्यायला सांगणारी ही बाई. विज्ञान आपल्या दारात आलंय आणि आपण पाठ फिरवायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. लालीच्या नाजूक पोटाचं सगळं त्यांनी अर्पिताला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं, वर अभ्यासाच्या प्रमुखांना विचारलं, आणि वरून उत्तर आलं की चालेल, असंच कुत्रं हवंय. अट एकच होती. पिशवीतल्या खाण्याखेरीज घरातलं काहीही द्यायचं नाही, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

‘‘एकदम बंद? हळूहळू नाई चालनार?’’ बाईंनी विचारलं.

‘‘सरांनी तसंच ठरवलंय, काकू,’’ अर्पिता म्हणाली. तिलाही ते फारसं पटलेलं दिसत नव्हतं. तरी बाईंनी संमतीपत्रावर सही केली.

नमुन्यांच्या डब्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या होत्या. रेवतीने नाक मुरडलं, पण बाईंनी कप्पा रिकामा केला. आपण चुकलो तर अभ्यास चुकेल, याची त्यांना काळजी.

लालीने पहिले काही दिवस खाल्लं. मग शौचाला पातळ झालं. मग त्यात रक्त दिसलं. बाईंनी अर्पिताला फोन केला. अर्पिता आली, तिने फोटो काढले, लगेच वर कळवले. उत्तर आलं: सुरुवातीला असं होतं, चालू ठेवा. बाईंनी आणखी थोडे दिवस चालू ठेवलं. हे सांगताना आजही त्यांचा आवाज चिरकतो. रडण्याने नाही, संतापाने. कारण ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्याने लालीला कधी पाहिलंच नव्हतं.

लाली उठेनाशी झाली तेव्हा बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. अर्पिता रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी लालीने बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. त्या आजारातही बाईंनी ठरलेल्या दिवशी नमुन्याची डबी भरून दिली होती. काय बिघडलं ते कळावं, पुढच्या कुत्र्याला वाचवता यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

संस्थेकडून कोणीही फोन केला नाही. काही महिन्यांनी निमंत्रण मात्र आलं. शेगावला एका सभागृहात अभ्यासाचे निष्कर्ष सांगण्याचा कार्यक्रम होता, भाग घेतलेल्या सगळ्या मालकांना बोलावलं होतं. रेवती म्हणाली, ‘‘काकू, कायले जाता? जिवाले त्रास.’’

‘‘माह्या लालीचं काय झालं, ते ऐकाले चालली,’’ बाई म्हणाल्या. रेवतीही सोबत गेली.

अभ्यासाचे प्रमुख डॉ. सौमित्र पडद्यावर रंगीत आलेख दाखवत होते. चांगले जिवाणू वाढले, वाईट घटले, कुत्र्यांच्या केसांची तकाकी सुधारली. शेवटी ते म्हणाले, ‘‘सांगायला आनंद वाटतो की एकाही प्राण्याला गंभीर त्रास झाला नाही. काही मालकांनी वैयक्तिक कारणांमुळे अभ्यास मध्येच सोडला, त्यांना आपण हिशेबात धरलेलं नाही.’’

टाळ्या वाजल्या. महामायाबाई उभ्या राहिल्या. माइक मागितला नाही, त्यांना लागतच नव्हता.

‘‘मी अभ्यास सोडला असं कोनं सांगतलं तुमाले?’’

डॉक्टर हसले. ‘‘आपण?’’

‘‘महामाया गवई, खामगाव. माही लाली मेली. रक्ताची हगवन लागून मेली. तुमचं खानं खाऊन मेली का दुसऱ्या कशानं, ते मले मालूम नाई. ते शोधनं तुमचं काम होतं. पन ती मेली हे तं लिहा! मेलेल्या कुत्रीले तुमी ‘सोडून गेली’ म्हनता?’’

‘‘ताई, आपल्या भावना मी समजू शकतो,’’ डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘‘पण विज्ञान भावनेवर चालत नाही. गावठी कुत्रं असतं, बाहेर काहीबाही खातं...’’

‘‘भावना मी सांगूनच नाई राह्यली! जे घडलं ते सांगून राह्यली. बाहेर खाल्लं असंन तं तसं लिहा. तपासा. नमुना तुमच्यापाशी हाय. तो काऊन नाई तपासला?’’

मागच्या रांगेतून डोणगावचे उकंडराव उठले. त्यांचा कुत्रा वाचला होता, पण त्यालाही रक्त पडलं होतं. ‘‘मले तं संस्थेवाले म्हने, आता तुमी येऊ नका. मंग मीही सोडलं असंच लिवलं काय?’’

सभागृहात कुजबुज सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘आमच्यापर्यंत अशी कोणतीही नोंद आलेली नाही.’’

अर्पिता भिंतीशी उभी होती. नोकरी तिची पहिलीच, आणि पुढचं शिक्षण याच डॉक्टरांच्या शिफारशीवर अवलंबून. ती दोन पावलं पुढे आली.

‘‘सर, मी कळवलं होतं. फोटोसकट. दोन्ही कुत्र्यांचं. मालकांनी सोडलं असं धरा, हे तुम्हीच मला म्हणालात.’’

डॉक्टरांनी पडदा बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना चहाला जायची विनंती केली. चहा कोणी घेतला, कोणी नाही. रेवतीने आपला कप भरलेलाच टेबलावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात अर्पिताचं काम गेलं. महामायाबाईंनी संस्थेच्या, अशा प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीकडे तक्रार केली. उत्तर येईना, तेव्हा फोन केले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब परदेशात, साहेब उद्या. स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीबद्दल संतापलेल्या प्रवाशांना सामोऱ्या गेलेल्या बाईला असल्या उत्तरांची ओळख होती. फरक इतकाच, की त्या प्रवाशांना खरं सांगायच्या.

शेवटी समितीने बोलावलं. महामायाबाई, अर्पिता आणि उकंडराव तिघं गेले. आत डॉक्टर नजर चुकवत होते. व्हरांड्यात समितीतले एक वयस्कर गृहस्थ बाईंना आपुलकीनेच म्हणाले, ‘‘बाई, शेवटी कुत्रीच ना ती. एवढं कशाला ताणता?’’

‘‘कुत्री होती म्हनूनच तं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिले सही करता येत नव्हती. तिच्या वतीनं मी केली. आता तिच्या वतीनं भांडनार कोन? तुमी?’’

गृहस्थ वळून आत गेले.

समितीच्या सांगण्यावरून निष्कर्ष मागे घेतले गेले आणि नंतर दुरुस्त होऊन पुन्हा आले. काही कुत्र्यांना गंभीर त्रास झाला, एक दगावलं, आणि खाणं एकदम बदलणं हे त्यामागचं कारण असू शकतं, असं आता त्यात आहे. खोटं बोलण्याला त्यात ‘नोंदीतील त्रुटी’ म्हटलंय. डॉ. सौमित्र आजही त्याच खुर्चीवर आहेत. अर्पिताला कोणी परत बोलावलं नाही. तिने खामगावातच छोटा दवाखाना काढला, आणि तो बरा चालतो.

‘‘जिंकलात ना काकू,’’ रेवती एकदा म्हणाली.

‘‘त्रुटी म्हनते तो डॉक्टर!’’ बाई उसळल्या. ‘‘भाजीत मीठ कमी पडलं तं त्रुटी. हे काय त्रुटी हाय? आन् त्या पोरीचं शिक्षन गेलं, ते कोन्या दुरुस्तीत येते?’’

विज्ञानावरचा त्यांचा विश्वास मात्र उडालेला नाही, आणि तसं कोणी सुचवलं तर त्याच्यावरही त्या चिडतात. यंदा दुसऱ्या एका संस्थेने मांजरांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास काढला. अर्पिताच्या दवाखान्यात लोक मांजरं घेऊन आले, तेव्हा महामायाबाई तिथे बाकावर बसल्या होत्या. एका बाईने सही करायला पेन घेतलं, तसा त्यांनी तिचा हात धरला.

‘‘अभ्यास चांगला हाय, भाग घे. पन आधी विचार, मांजर आजारी पडलं तं कोन येईन? त्याचं नाव विचार. आन् ते मेलं तं तुमी काय लिहसान, तेही विचार. सही मंग कर.’’

संस्थेच्या माणसाने घसा खाकरला आणि नाव सांगितलं. महामायाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.